चिपचा प्रोग्राम विकत घेताना नुसती हेक्स फाइल पुरत नाही

महोदय,

सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींत पंपांचे ऑटो-स्टार्टर, ठिबकचे टायमर, शीतगृहांचे तापमान नियंत्रक, लहान-मोठी कंट्रोल पॅनेल बनवणारे कितीतरी छोटे उद्योग आहेत. प्रोग्राम लिहिणारा माणूस पगारावर ठेवणे त्यांतल्या अनेकांना परवडत नाही. काम बाहेर दिले जाते आणि शेवटी हातात पडते ती ‘डॉट हेक्स’ नावाची एक फाइल. ती चिपमध्ये टाकली, बोर्ड चालला, बिल चुकते झाले की दोन्ही बाजूंच्या लेखी विषय संपतो. पुढे कधीतरी चिपचा नवा लॉट येतो. तीच फाइल, तोच प्रोग्रामर (चिपमध्ये फाइल भरणारे यंत्र). पण बोर्ड एक तर मुका राहतो किंवा चालतो आणि वेळा चुकवतो. मग चिप डुप्लिकेट आहे, प्रोग्रामर बिघडला, प्रोग्राम लिहिणाऱ्याने मुद्दाम काहीतरी करून ठेवले, असे तर्क सुरू होतात. प्रत्यक्षात फाइल बहुधा जशीच्या तशी असते. जे हवे होते ते तिच्यात कधी नव्हतेच.

पैसे मोजून हेक्स फाइल घेणाऱ्याने ती उघडून पाहायला शिकावे आणि तिच्यासोबत काय काय मागायचे हे जाणून घ्यावे, यासाठी हा पत्रप्रपंच. पत्र नेहमीपेक्षा लांबले आहे, कारण आकडे टाळून हा विषय सांगता येत नाही.

हेक्स फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते. आत फक्त ओळी असतात आणि प्रत्येक ओळ विसर्गासारख्या दोन टिंबांनी, म्हणजे कोलनने सुरू होते. पुढचे सगळे षोडशमान पद्धतीतले आकडे. फाइलमध्ये इंग्रजी अंक आणि ए ते एफ ही सहा रोमन अक्षरे असतात. दहासाठी ए, अकरासाठी बी, असे करत पंधरासाठी एफ. इथे छपाईसाठी ती देवनागरीत दिली आहेत. दोन चिन्हे मिळून एक बाइट होतो. खाली वाचायला सोपे जावे म्हणून मध्ये जागा सोडली आहे, फाइलमध्ये ती नसते. ८०५१ घराण्यातल्या चिपसाठीची ही एक छोटी ओळ घ्या:

: ०३ ०००० ०० ०२ ०८ ०० एफ३

पहिले ०३ सांगते की या ओळीत माहितीचे तीन बाइट आहेत. पुढचे चार अंक, ००००, म्हणजे ते बाइट चिपमध्ये कुठून ठेवायचे तो पत्ता. त्यानंतरचे ०० हा ओळीचा प्रकार: ही माहितीची ओळ आहे. मग खरा माल, ०२ ०८ ००. शेवटचे एफ३ हा चेकसम, म्हणजे ओळ नीट वाचली गेली का ते पाहायचा ताळा. ८०५१ च्या भाषेत ०२ म्हणजे लांब उडी, एलजेएमपी, आणि ०८०० हा उडीचा पत्ता. थोडक्यात, वीज आली की चिप शून्याव्या पत्त्यावर हे वाचते आणि ०८०० वर जाते. मूळ प्रोग्राम तिथून सुरू होतो.

चेकसम हाताने काढता येतो. चेकसम सोडून ओळीतले सगळे बाइट एकत्र मिळवा: ०३, ००, ००, ००, ०२, ०८, ००. बेरीज १३. ती २५६ मधून वजा करा: २४३. षोडशमानात हेच एफ३. बेरीज २५५ च्या वर गेली तर २५६ ने भागून उरणारी बाकी तेवढी घ्यायची. ताळा पाहायचा असेल तर चेकसमसकट सगळी ओळ मिळवा. षोडशमानातले शेवटचे दोन अंक ०० आलेच पाहिजेत.

आता आर्डुइनो उनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपसाठीच्या एका साध्या प्रोग्रामची पहिली ओळ:

: १० ०००० ०० ०सी ९४ ५सी ०० ०सी ९४ ६ई ०० ०सी ९४ ६ई ०० ०सी ९४ ६ई ०० सीए

इथे सुरुवातीचे १० म्हणजे दहा नव्हे, सोळा. नवशिका पहिल्यांदा इथेच अडखळतो. ही चिप एव्हीआर घराण्यातली. एव्हीआर चिपमध्ये खालचा बाइट आधी लिहितात, त्यामुळे ०सी ९४ हे ९४०सी असे वाचायचे: उडी मारण्याचा हुकूम. ५सी ०० म्हणजे ००५सी. पण एव्हीआर पत्ते दोन-दोन बाइटच्या शब्दांत मोजते, म्हणून बाइटच्या हिशेबात उडी बी८ वर पडते. बाकीच्या तीन उड्या एकाच जागी, ६ई वर जातात. त्या इंटरप्टसाठी (चालू काम थांबवून दुसरे करायला लावणाऱ्या संकेतांसाठी) राखलेल्या जागा आहेत आणि प्रोग्रामने ते इंटरप्ट वापरलेले नाहीत, एवढे या एका ओळीवरून कळते. बेरीज हवी असेल तर १,०७८ येते. २५६ ने भागून बाकी ५४. २५६ वजा ५४ म्हणजे २०२, तेच सीए.

फाइलची शेवटची ओळ ठरलेली असते: : ०० ०००० ०१ एफएफ. माहिती शून्य बाइट, प्रकार ०१, म्हणजे फाइल संपली. ही ओळ नसेल तर फाइल अर्धवट आली आहे असे समजून तिथेच थांबावे.

ही मांडणी इंटेलने १९७३ च्या सुमारास आपल्या इंटेलेक विकास-यंत्रांसाठी केली. तेव्हा प्रोग्राम भोके पाडलेल्या कागदी टेपवरून चढवत. टेपवर कचरा असू शकतो, म्हणून कोलन दिसेपर्यंतचे सारे सोडून द्यायचे. एखादे भोक चुकीचे वाचले जाऊ शकते, म्हणून ओळीगणिक ताळा. टेप गेली, पण मांडणी टिकली, कारण ती डोळ्यांनी वाचता येते आणि कुठल्याही तारेतून पाठवता येते. मोटोरोलाची एस-रेकॉर्ड नावाची पद्धतही त्याच दशकातली. तिच्या ओळी ‘एस’ने सुरू होतात आणि चेकसमचे गणित किंचित वेगळे आहे. आपल्याकडच्या छोट्या कामात ती क्वचितच समोर येते.

एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. फाइल ९० किलोबाइटची आणि चिप ३२ किलोबाइटची, मग बसणार कशी, असा प्रश्न हमखास येतो. सोळा बाइटची एक ओळ लिहायला कोलनसह ४३ चिन्हे लागतात आणि विंडोजवर ओळ संपल्याच्या खुणेची आणखी दोन, म्हणजे ४५. पूर्ण भरलेल्या ३२,७६८ बाइटच्या चिपसाठी २,०४८ ओळी, त्यांची ९२,१६० चिन्हे, वर शेवटच्या ओळीची १३. फाइलचा आकार चिपच्या पावणेतीन पटींहून थोडा जास्त असणारच. पाहायचा असतो तो सर्वांत मोठा पत्ता. एटी८९एस५२ मध्ये ८ किलोबाइट जागा आहे, तिचा शेवटचा पत्ता १एफएफएफ. एटी८९सी५१ मध्ये ४ किलोबाइट, शेवटचा पत्ता ०एफएफएफ. मोठ्या चिपसाठीची फाइल टंचाईच्या काळात लहान चिपवर टाकली आणि सॉफ्टवेअरने दिलेली सूचना ‘ओके’ करून घालवली, तर वरचा भाग चिपमध्ये जातच नाही. बोर्ड चालू होतो, डिस्प्लेवर नाव येते, आणि ज्या कामाचा कोड ०एफएफएफ च्या पुढे होता ते काम निवडले की अडकतो. आतली मेमरी वापरायची की बाहेरची हे ठरवणारा ३१ नंबरचा ईए पाय पाच व्होल्टला असतानाही ही चिप त्या मर्यादेपलीकडचे हुकूम बाहेरच्या मेमरीत शोधते, आणि तिथे काहीच नसते.

चेकसम बरोबर आहे म्हणजे फाइल बरोबर आहे, असे मानणारे पुष्कळ आहेत. हा ताळा एकेका ओळीपुरता आहे आणि तोही साध्या बेरजेचा. वरच्या पहिल्या ओळीत ०२ ०८ ०० च्या जागी ०८ ०२ ०० झाले तर बेरीज तीच, एफ३ ही तेच, आणि कुठलाही प्रोग्रामर तक्रार करणार नाही. अर्थ मात्र पार बदलला: ८०५१ साठी ०८ म्हणजे आर० या रजिस्टरमध्ये (चिपच्या आत आकडा ठेवायच्या कप्प्यात) एक मिळवा, आणि मग उडी ००-काहीतरी पत्त्यावर. असे उलटसुलट सहसा आपोआप होत नाही, फाइलला कोणी हात लावला तर होते.

याहून जास्त वेळा घडणारी आणि जास्त त्रास देणारी गोष्ट म्हणजे मधली अख्खी ओळ गळणे. उरलेल्या प्रत्येक ओळीचा चेकसम बरोबर, शेवटची ओळ जागेवर, फाइल निमूटपणे चढते. एकूण किती ओळी असायला हव्यात याची नोंद माहितीच्या ओळींत कुठेच नसते. रिकाम्या राहिलेल्या जागी पुसलेल्या चिपचे एफएफ राहतात. ८०५१ मध्ये एफएफ हाही एक वैध हुकूम आहे, ए रजिस्टरमधला आकडा आर७ मध्ये टाकण्याचा. चिप तिथे थांबत नाही. सोळा वेळा तोच हुकूम पाळते आणि पुढच्या ओळीत शिरते, कदाचित एखाद्या हुकमाच्या अर्ध्यातच. पिक या आणखी एका घराण्यातल्या मध्यम श्रेणीच्या चिपमध्ये पुसलेली जागा ३एफएफएफ असते आणि तोही बेरजेचा वैध हुकूम आहे. म्हणून बोर्ड साफ बंद न पडता वेड्यासारखा वागतो आणि शोध हार्डवेअरमध्ये सुरू होतो.

ओळ गळली का, हे पत्त्यांवरून दिसते. ०१०० पत्त्याच्या सोळा बाइटच्या ओळीपुढे ०११० यायला हवी. एकदम ०१२० आली तर मधे काही नाही. मात्र प्रत्येक खळगा म्हणजे चूकच असे नाही. इंटरप्टच्या जागा आणि बूटलोडर (चिपमध्येच राहून नवा प्रोग्राम भरून घेणारा छोटा प्रोग्राम) यांच्या आगेमागे कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या प्रोग्रामची हेक्स बनवणारे सॉफ्टवेअर, स्वतःच जागा सोडतो, आणि काही कंपायलर ओळी पत्त्यांच्या क्रमानेही लावत नाहीत. सोळा बाइटचा नेमका एक खळगा भर वस्तीत दिसला तर मात्र शंका घ्यावी. युनिव्हर्सल प्रोग्रामर वापरणाऱ्यांनी आणखी एक खबरदारी घ्यावी: फाइल उघडण्याआधी बफर (फाइल आधी जिथे उतरते ती तात्पुरती जागा) पुसण्याचा पर्याय चालू ठेवा. नाहीतर आधीच्या ग्राहकाच्या प्रोग्रामचे उरलेले तुकडे नव्या फाइलच्या खळग्यांत तसेच राहतात आणि चिपमध्ये जातात.

आता फाइलमध्ये काय नसते ते. पहिली गोष्ट, चिपचे नाव. हेक्सच्या कोणत्याही ओळीत ही फाइल कोणत्या चिपसाठी आहे हे सांगणारा रकाना नाही. ८०५१ ची फाइल एव्हीआरमध्ये टाका. चढेल, आणि पडताळणीही ‘पास’ होईल, कारण पडताळणी फक्त एवढेच पाहते की फाइलमधले बाइट आणि चिपमधले बाइट एक आहेत. एव्हीआरचा प्रोग्रामर चिपची सही वाचतो, ३२८पी ची १ई ९५ ०एफ आणि नुसत्या ३२८ ची १ई ९५ १४. पण ती सही सॉफ्टवेअरमध्ये निवडलेल्या नावाशी जुळवली जाते, फाइलशी नाही.

दुसरी गोष्ट फ्यूजची, आणि नाशिकच्या टायमरवाल्यांचे सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. हा विजेचा फ्यूज नव्हे, चिपच्या आतल्या सेटिंगचे आकडे. एव्हीआर चिपला घड्याळ, म्हणजे चालीचे ठोके, कुठून घ्यायचे हे फ्यूज बाइट ठरवतात, आणि नेहमीच्या हेक्स फाइलमध्ये फ्यूज नसतात. एटीमेगा३२८पी कारखान्यातून येते तेव्हा लो फ्यूज ६२, हाय डी९, एक्स्टेंडेड एफएफ असे असतात. याचा अर्थ आतला ८ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर, तोही आठाने भागून, म्हणजे चिप १ मेगाहर्ट्झवर चालते. बाहेर १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल (ठोके देणारा सुटा भाग) लावलेला असला तरी चिप त्याच्याकडे बघतही नाही. प्रोग्राम १६ मेगाहर्ट्झ धरून लिहिलेला असेल तर सगळे सोळा पटींनी मंदावते. १० सेकंदांचा व्हॉल्व्ह १६० सेकंद उघडा राहतो. अर्ध्या तासाची ठिबकची पाळी आठ तास चालते. ९,६०० वेगाचे सीरियल संभाषण ६०० वर येते आणि समोरच्या मॉड्यूलला कचरा दिसतो. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत आठ तास पाणी गेल्यावर शेतकरी फ्यूज बाइट तपासत बसणार नाही, तो टायमर परत आणून टाकेल.

फ्यूज घाईने बदलणेही महागात पडते. बाहेरचा क्रिस्टल निवडला आणि बोर्डवर क्रिस्टल नसला किंवा सोल्डरचा डाग नीट बसला नसला, तर चिप प्रोग्रामरला उत्तरच देत नाही. चिप मेली असे समजून ती फेकली जाते. खरे तर क्रिस्टलच्या पायाला बाहेरून घड्याळाचा संकेत दिला की ती परत बोलते. रीसेटचा पाय साधा पाय म्हणून वापरण्याचा फ्यूज लागला तर मात्र १२ व्होल्टचा हाय-व्होल्टेज प्रोग्रामर लागतो. आणि कोरी चिप १ मेगाहर्ट्झवर असताना प्रोग्रामरचे घड्याळ तिच्या एक-चतुर्थांशाहून, म्हणजे २५० किलोहर्ट्झहून कमी ठेवावे लागते. जुन्या, आधी फ्यूज लावलेल्या चिप वेगात चालायच्या आणि नव्या लॉटच्या चालत नाहीत, याचे कारण बरेचदा एवढेच असते.

ग्रामीण भागात चालणाऱ्या पॅनेलसाठी ब्राउन-आउटचा, म्हणजे व्होल्टेज खाली बसल्यावर चिप रीसेट करणारा, फ्यूज तितकाच महत्त्वाचा. कारखान्यातून तो बंद येतो. शेजारची मोटार सुरू होताना व्होल्टेज खाली बसले की चिप ना धड बंद ना धड चालू अशा स्थितीत चुकीचे हुकूम पाळते आणि ईईप्रॉममधल्या (वीज गेली तरी आकडे जपणाऱ्या मेमरीतल्या) सेटिंग बिघडवते. उनोवर एक्स्टेंडेड फ्यूज एफडी असतो, म्हणजे २.७ व्होल्टला रीसेट. १६ मेगाहर्ट्झवर ही चिप २.७ व्होल्टला भरवशाने चालेल असे उत्पादक म्हणत नाही, त्यामुळे पाच व्होल्टच्या बोर्डासाठी ४.३ व्होल्टचा पर्याय, एफसी, घेणे शहाणपणाचे. उनोवर चालले तेच फ्यूज पॅनेलमध्ये उचलून ठेवणे हा आळस आहे.

पिक चिपवाल्यांची स्थिती जरा बरी. तिथे कॉन्फिगरेशन वर्ड (फ्यूजचेच काम करणारा आकडा) हेक्स फाइलमध्येच येऊ शकतो. पिक१६एफ८७७ए मध्ये तो २००७ या पत्त्यावर असतो, पण फाइलमध्ये पत्ता दुप्पट लिहितात, कारण चिपचा शब्द १४ बिटचा आणि फाइलमधला दोन बाइटचा. म्हणून अशी ओळ शोधावी:

: ०२ ४००ई ०० ७२ ३एफ एफएफ

खालचा बाइट आधी, तेव्हा वर्ड ३एफ७२: वेगवान क्रिस्टल, वॉचडॉग (प्रोग्राम अडकला तर चिप रीसेट करणारी सोय) बंद, वीज आल्यावर थोडे थांबून सुरू होण्याची सोय चालू, ब्राउन-आउट चालू, लो-व्होल्टेज प्रोग्रामिंग बंद. हे शेवटचे बंद असणे फार गरजेचे. ते चालू राहिले आणि आरबी३ पाय मोकळा सोडला, तर बोर्डाला हात नेला तरी चिप प्रोग्रामिंगच्या अवस्थेत जाऊन अडकू शकते. ४००ई ची ओळच नसेल तर लिहिणाऱ्याने कॉन्फिगरेशन प्रोग्राममध्ये घातलेले नाही, ते दर वेळी प्रोग्रामरच्या पडद्यावर हाताने निवडावे लागते, आणि निवडणारा माणूस बदलला की वागणूक बदलते.

तिसरी गोष्ट ईईप्रॉम. एव्हीआरमध्ये तिची फाइल वेगळी, नावाच्या शेवटी ‘डॉट ईईपी’, आणि आतली मांडणी मात्र हेक्सचीच, पत्ताही ०००० पासून. चुकून ती फ्लॅशमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या जागेत, टाकली तरी पडताळणी पास होते. उलट, शीतगृहातल्या नियंत्रकाला नवा प्रोग्राम देताना चिप पुसली की सेन्सरचे कॅलिब्रेशनही पुसले जाते. ते राखायचे तर ईईसेव्ह फ्यूज लावावा लागतो. ३२८पी मध्ये बाकी काही न बदलता हाय फ्यूज डी९ चा डी१ करावा. हे आधी सुचले तर ठीक, नाहीतर तंत्रज्ञाला थर्मामीटर घेऊन प्रत्येक खोलीत पुन्हा जावे लागते.

मोठ्या चिपसाठी आणखी एक प्रकारची ओळ येते. ओळीतला पत्ता चारच अंकांचा, म्हणजे ६५,५३६ बाइटपर्यंतच पोचतो. त्यापुढे जाण्यासाठी ०४ प्रकारची ओळ पत्त्याचा वरचा अर्धा भाग देते. एसटीएम३२ या चिपच्या फाइलची सुरुवात सहसा अशी असते:

: ०२ ०००० ०४ ०८०० एफ२

म्हणजे यापुढचे सगळे पत्ते ०८०० ने सुरू होतील. या चिपचा फ्लॅश ०८०००००० पासून आहे. पुढची ०४ ओळ येईपर्यंत हीच लागू, त्यामुळे इथे ओळींचा क्रम बदलून चालत नाही. काही जुने प्रोग्रामर ०४ कडे दुर्लक्ष करतात. मग ६४ किलोबाइटच्या पुढचा भाग परत शून्यापासून लिहिला जाऊन आधीचा झाकतो. कोणी नुसत्या बाइटची ‘डॉट बिन’ फाइल दिली तर तिच्यात पत्ताच नसतो, तो वेगळा लिहून घ्यावा.

गुप्ततेबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. हेक्स दिली म्हणजे प्रोग्राम लपला, ही समजूत खोटी. त्यातले हुकूम परत असेंब्लीत वाचणारी साधने फुकट मिळतात. मजकूर तर उघडाच असतो: ४ई ४१ ५३ ४८ ४९ ४बी असे दिसले की ते इंग्रजीतले ‘नाशिक’ आहे. मध्यम श्रेणीच्या पिकमध्ये हाच मजकूर ४ई३४ ४१३४ ५३३४ असा, प्रत्येक अक्षरामागे ३४ लावून येतो. पॅनेलचा सर्व्हिस पासवर्ड १२३४ असेल तर ३१ ३२ ३३ ३४ शोधायला मिनिटही लागत नाही. आणि खरेदीदाराच्या बाजूने पाहिले तर हीच फाइल दुरुस्तीसाठी निरुपयोगी. चलांची नावे, टिपा, रचना यांतले काही तिच्यात उरत नाही. रिलेची वेळ बदलायची म्हटली तरी मूळ सोर्स, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम, लागतो. चिपमधले लॉक बिट वाचन रोखतात, पण ते पडताळणीनंतरच लावायचे, कारण लॉक झालेली चिप पडताळून पाहता येत नाही.

फाइल पाठवताना तिचा मजकूर संदेशात चिकटवू नये, डॉक्युमेंट म्हणून जोडावी, झिप करून जोडली तर उत्तम. वाटेत बिघडली तर उघडतानाच कळते. वर्डमध्ये उघडून सेव्ह करू नये. पोचलेली फाइल तीच आहे हे पाहायला विंडोजच्या कमांड खिडकीत सर्टयुटिलच्या हॅशफाइल पर्यायाने एसएचए-२५६ हा हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा, काढता येतो. येणारी ६४ चिन्हे पाठवणाऱ्याकडच्या चिन्हांशी जुळली की प्रश्न मिटला. प्रोग्रामरच्या पडद्यावर दिसणाऱ्या ‘चेकसम’वर विसंबू नये. रिकामी जागा धरायची की नाही, बेरीज कशी करायची हे प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या पद्धतीने ठरवते. एकाच फाइलचे दोन प्रोग्रामरवर दोन आकडे येतात आणि दोन्ही बरोबर असतात. मात्र विंडोजवरून लिनक्सवर जाताना ओळींच्या शेवटच्या खुणा बदलल्या तर हॅशही बदलतो, माल तोच असूनही. अशा वेळी दोन्ही फाइलींच्या बिन करून त्या ताडून पाहाव्यात.

मशीन शॉपमध्ये ड्रॉइंगवर रिव्हिजन नंबर नसेल तर जॉब मशीनवर चढत नाही. प्रोग्रामला तोच नियम लावायला काय हरकत आहे? ‘फायनल’, ‘फायनल नवी’, ‘फायनल खरी’ अशा नावांच्या तीन फाइली एका पेनड्राइव्हवर असणे ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट, आणि कोणती चिपमध्ये आहे हे कुणालाच सांगता येत नाही. प्रोग्रामच्या आवृत्तीचा क्रमांक वीज आल्यावर डिस्प्लेवर किंवा सीरियलवर दिसला पाहिजे, आणि तोच फाइलच्या नावात असला पाहिजे.

निमा आणि आयमा या आपल्या उद्योजक संघटनांनी सभासदांसाठी खरेदी आदेशाचा एक नमुना परिच्छेद तयार केला तर फार उपयोग होईल. त्यात एवढे असावे: चिपचा पॅकेजसह पूर्ण नंबर, हेक्स फाइल आणि तिचा एसएचए-२५६, सर्व फ्यूज किंवा कॉन्फिगरेशन वर्ड आकड्यांत, ईईप्रॉमची वेगळी फाइल असल्यास ती, क्रिस्टलची वारंवारता, वापरलेल्या कंपायलरचे नाव व आवृत्ती, आणि सोर्स द्यायचा की नाही, द्यायचा तर कोणत्या किमतीला, याचा आधीच केलेला उल्लेख. सोर्स न देणे हा लिहिणाऱ्याचा हक्क असू शकतो, पण तो सौदा करताना सांगितला पाहिजे.

आणि शेवटचा हप्ता देण्याआधी एक चाचणी घ्यावी: पाकिटातून काढलेली नवी कोरी चिप, खरेदीदाराचा स्वतःचा प्रोग्रामर आणि त्याचाच माणूस. लिहिणाऱ्याने जवळ बसावे पण हात लावू नये. दिलेल्या कागदावरचे आकडे वाचून त्या माणसाला चिप भरता आली, बोर्ड सुरू झाला आणि एका मिनिटाचा रिले घड्याळ लावून एका मिनिटाचाच भरला, तर पैसे द्यावेत.

– एम्बेडेड क्षेत्रात काम करणारे काही वाचक, सातपूर, नाशिक